पुण्यात मोबाइलचा बॅरोमीटर (हवेचा दाब मोजणारा सेन्सर) ९४७ हेक्टोपास्कल (दाबाचं एकक) दाखवतो, हवामान नकाशावर मात्र १०१०. चुकतंय कोण?

कोणीच नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे आणि या उंचीपर्यंत दर ९ मीटरला दाब सुमारे १ हेक्टोपास्कलने घटतो. म्हणजे ६२-६३ ची तूट झालीच. नकाशावर प्रत्येक केंद्राचा दाब समुद्रसपाटीवर आणूनच, म्हणजे उंचीमुळे आलेली तूट भरूनच मांडतात. तसं केलं नाही तर समदाब रेषा (सारख्या दाबाची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा) सह्याद्रीच्या चढउतारांचाच नकाशा काढतील, हवामान दिसणारच नाही!

आपल्याकडे या रेषा सहसा २-२ हेक्टोपास्कलवर असतात; दाटीवाटीने आल्या की वारा जोरदार. मोबाइलच्या बॅरोमीटर ॲपला समुद्रसपाटीचा दाब काढायला लावत असाल, तर त्यात उंची नीट भरा. ५० मीटरची चूक म्हणजे साडेपाच हेक्टोपास्कल, आणि नसलेला कमी दाबाचा पट्टा घरातच तयार.