पंख असलेला ‘टॉर्पेडो’

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धातील एका ब्रिटिश क्रूझरची 1:200 प्रमाणातील प्रतिकृती मी प्लायवूड आणि फोम शीट वापरून करीत आहे. छायाचित्रांत दिसणाऱ्या तीन वस्तू आराखड्यात नाहीत. पुढच्या तोफांमागे, दोन्ही बाजूंना, भिंतीलगत आखूड पंखांची टॉर्पेडोसारखी वस्तू बांधलेली आहे व जवळच लहान डेव्हिट आहे. डेकच्या थोडे खाली, जहाजाच्या बाहेरून एक जाड रेषा गेली आहे. ब्रिजच्या (जहाज चालवण्याच्या कक्षाच्या) एका काचेत गोल चकती दिसते. हे काय असावे?
– एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : टॉर्पेडो डागायला नळ्या लागतात; आपल्या वस्तूजवळ नळी नाही, उलट तिला उचलून पाण्यात सोडणारा डेव्हिट आहे, आणि ती दोन्ही बाजूंना जोडीने आहे. यावरून तो पॅराव्हेन, म्हणजे पाणसुरुंगांपासून बचावासाठी पाण्यातून ओढायचे साधन होय, असे खात्रीने म्हणता येते. सोलापूरकरांना सांगायचे तर, मागावरच्या धोट्याला पंख फुटावेत तसा त्याचा आकार असतो. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नौदलातील डेनिस्टन बर्नी यांनी तो विकसित केला. नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, तळाशी अडकवलेल्या तारेने तो ओढला जाई, तेव्हा पाण्याचा दाब पंखावर येऊन तो जहाजापासून दूर, ठरलेल्या खोलीवर तिरका धावे. समुद्रतळाशी दोरीने बांधलेला पाणसुरुंग वाटेत आला, की त्याची दोरी या तारेवरून घसरत पॅराव्हेनच्या तोंडाशी असलेल्या कातरीत जाऊन तुटे आणि वर आलेला सुरुंग गोळ्या झाडून निकामी करीत. म्हणून ती तार तळाशी धरण्यासाठी नाळेवरून खाली उतरणाऱ्या साखळ्या छायाचित्रात दिसतात का, तेही पाहावे. पॅराव्हेन दाखवून त्या गाळणे हा अर्धवटपणा ठरेल.

ती रेषा मात्र अधिक महत्त्वाची आहे. ती डीगॉसिंग केबल, म्हणजे जहाजाचे चुंबकत्व झाकण्यासाठी विद्युतप्रवाह खेळवलेली केबल होय. समुद्रतळावर पडून राहणाऱ्या आणि जहाजाच्या चुंबकत्वाने फुटणाऱ्या चुंबकीय सुरुंगाला कापण्याजोगी दोरीच नसल्याने त्याच्यापुढे पॅराव्हेन निरुपयोगी होता. 21 नोव्हेंबर 1939 रोजी ‘बेलफास्ट’ ही क्रूझर अशाच सुरुंगाने इतकी मोडली, की ती सेवेत परतायला 1942 चा नोव्हेंबर उजाडला. त्या स्फोटानंतर दोनच दिवसांनी इंग्लंडच्या किनाऱ्यावरील शूबरीनेस येथील चिखलात सापडलेला जर्मन सुरुंग उलगडण्यात आला आणि त्याची कार्यपद्धती कळल्यावर जहाजांना सरसकट केबली बसू लागल्या. तेव्हा केबल दिसणारे आपले छायाचित्र बहुधा त्यानंतरचे आहे, आणि आपला आराखडा त्याआधीचा असण्याचा दाट संभव आहे. तसे असल्यास रडार व विमानविरोधी तोफांची जागाही छायाचित्रांवरूनच ठरवावी. दोन काळांची सरमिसळ जाणत्याच्या नजरेतून सुटत नाही. पुढे अनेक जहाजांत ही केबल आतून नेली गेली, त्यामुळे ती न दिसल्यास छायाचित्र 1939 पूर्वीचेच आहे, असे मानू नये. प्रतिकृतीसाठी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातील अर्धा मिलिमीटर जाडीची तांब्याची तार पुरेल. आपल्या प्रमाणात ती दहा सेंटिमीटर जाडीची होते. रंगकामापूर्वीच ती चिकटवावी.

चकती म्हणजे मोटारीने वेगाने फिरणारी गोल काच. तिच्यावरचे पाणी बाहेर फेकले जाऊन समोरचे स्वच्छ दिसते. पारदर्शक शीटवर बारीक वर्तुळ कोरून मध्यभागी रंगाचा ठिपका दिल्यास तेवढे पुरे.