घरचं शिलाई मशीन जाड कापडावर चालत नाही. हातानं शिवलेली पिशवी दहा-बारा किलो सामान पेलेल का?

पेलेल. नीट शिवलीत तर मशीनच्या टिपेपेक्षा जास्त टिकेल. पट्टा आणि कापड एकत्र आलं की सुई मोडते, टाके सुटतात, असं तुम्ही लिहिलंय. त्यात मशीनचा दोष नाही. जाड थरात शिरताना सुई किंचित वाकते. वाकलेली सुई खालच्या शटलच्या टोकापासून लांब जाते, दोऱ्याचा फास पकडला जात नाही आणि टाका सुटतो. अजून वाकली की प्लेटवर आपटून मोडते. 18 नंबरची सुई लावून, चाक हातानं फिरवत कॅनव्हासचे दोन पदर शिवता येतात. तेवढंच काम त्या मशीनला द्या. पट्टे, काठ आणि कोपरे हातानं शिवा.

हातशिलाईत खरं बळ दोन सुयांच्या टिपेत आहे, चामडं शिवणारे कारागीर वापरतात ती. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवायच्या. पहिल्या भोकातून दोरा निम्मा ओढून दोन्ही बाजूंना सारखा करायचा. पुढच्या भोकात आधी डावी सुई, मग त्याच भोकातून उलट दिशेनं उजवी, आणि मग दोन्ही टोकं एकदम बाहेरच्या बाजूला ओढायची. मशीनच्या टिपेत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत फक्त अडकलेले असतात, त्यामुळे एक तुटला की ओळ उसवत जाते. इथे प्रत्येक भोकातून दोन्ही दोरे आरपार गेलेले असतात. एक झिजून तुटला तरी दुसरा टाके धरून ठेवतो.

या टिपेत दोन चुका नेहमी होतात. पहिली, टोकदार सुई. भोकं आधी आरीनं पाडलेली असतात, तेव्हा सुईला टोक नकोच. टोकदार सुई आधीच्या दोऱ्यात घुसते, दोरा दोऱ्यात अडकतो आणि टाका घट्ट ओढताच येत नाही. भरतकामाची बोथट सुई घ्या. दुसरी चूक म्हणजे क्रम बदलणं. दर वेळी तीच सुई आधी, आणि दुसरी सुई दर वेळी पहिल्या दोऱ्याच्या त्याच बाजूनं. कधी वरून, कधी खालून गेलात की ओळ नागमोडी दिसते आणि टाके सारखे बसत नाहीत.

आता सामान. कॅनव्हास चौरस मीटरला 400 ते 500 ग्रॅम वजनाचा. याहून जाड घेतलात तर दुमडीतून आरी ढकलताना मनगट भरून येतं आणि पिशवीला त्याचा फारसा उपयोगही होत नाही. पट्टा नवारीसारखा विणलेला, 38 मिमी रुंद, 3.2 मीटर. जुना सीटबेल्ट वापरायचा मोह होतो, पण त्याची वीण इतकी घट्ट असते की प्रत्येक भोकासाठी झगडावं लागतं. दोरा मेण लावलेला पॉलिस्टरचा, 0.6 ते 0.8 मिमी. सुती दोरा ओलाव्यात कुजतो, नायलॉनचा ताणला जातो आणि उन्हात लवकर कमजोर होतो. साधाच पॉलिस्टर दोरा मिळाला तर मधमाशांच्या मेणावरून दोनदा ओढून घ्या; मेणबत्तीचं मेण ठिसूळ, ते गळून पडतं. याशिवाय टोकदार पण गोल, बिनधारेची आरी, सुई ओढायला लहान पक्कड, पट्टी, पेन्सिल आणि जुने कपड्यांचे चिमटे. आरी गोलच हवी. धारदार आरी धागे कापते, गोल आरी ते बाजूला सारते आणि ते पुन्हा दोऱ्याभोवती मिटतात.

36 सेंमी रुंद, 38 सेंमी उंच आणि 12 सेंमी तळाच्या पिशवीला 52 × 98 सेंमीचा एकच तुकडा लागतो. तळाशी जोड नको, कापड तिथे नुसतं दुमडायचं. कॅनव्हास आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच कापा. नाहीतर पहिल्या धुण्यात कापड आटतं, पट्टा तसाच राहतो आणि शिवणीच्या कडेनं चुण्या पडतात.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे क्रम. पट्टे कापड सपाट असतानाच शिवायचे, बाजू बंद करण्याआधी. आणि पट्टा नुसता तोंडापाशी लावायचा नाही. तो तळाखालून जाऊन दुसऱ्या बाजूनं वर यायला हवा, म्हणजे वजन पट्टा उचलतो आणि कापड फक्त सामान धरून ठेवतं. नुसत्या तोंडापाशी शिवलेल्या पट्ट्यात सगळा भार एका आडव्या ओळीवर येतो. ती भोकांची ओळ असते, आणि वहीचं पान जसं भोकांच्या रेघेवर फाटतं तसं कापड तिथे फाटतं.

कापडाच्या मधोमध उभी रेघ मारा. तिच्या दोन्ही बाजूंना 8 सेंमीवर एकेक समांतर रेघ, हे पट्ट्यांचे मध्य. पट्ट्याचा एकच लांब वेढा करायचा: तळाच्या मध्यापासून सुरू, वर जाऊन 60 सेंमीचा मोकळा कान, दुसऱ्या रेघेवरून खाली, तळाखालून पलीकडे, पुन्हा 60 सेंमीचा कान आणि परत सुरुवातीच्या जागी. तिथे 8 सेंमी एकावर एक चढवा. चढवण्याआधी पूर्ण वेढ्यावरून हात फिरवून कुठे पीळ पडलाय का ते बघा. पीळ नेमका कानात राहतो आणि शिवून झाल्यावरच दिसतो. पट्टा पॉलिस्टर, नायलॉन किंवा पॉलिप्रोपिलीनचा असेल तर कापलेली टोकं ज्योतीजवळ धरून वितळवा.

आता पट्टा कच्च्या धावदोऱ्यानं टाचून घ्या. नुसत्या टाचण्या लावल्या तर तो शिवताना सरकतो. पट्ट्याच्या कडेपासून 3 मिमी आत रेघ आणि तिच्यावर दर 4 मिमीला ठिपका. बारीक टाक्यानं शिवण मजबूत होते असं वाटतं, पण जाड कापडात जवळजवळ पाडलेली भोकं कापडच कमजोर करतात. भोकं दहा-बारा ठिपक्यांपुरतीच पाडा, शिवा, मग पुढची; सगळी आधीच पाडून ठेवलीत तर मिटून जातात. दोन्ही कडा शिवायच्या, पण कापडाच्या वरच्या कच्च्या कडेपासून 10 सेंमीवर थांबायचं, कारण तिथे तोंडाची दुमड यायची आहे.

दोरा शिवणीच्या चौपट लांब घ्या, पण एका वेळी दीड-पावणेदोन मीटरपेक्षा जास्त नको. लांब दोरा प्रत्येक भोकातून घासत जातो आणि शेवटी पिंजतो. संपवताना तीन टाके मागे शिवा, 2 मिमी शेपूट ठेवून कापा आणि ज्योतीनं वितळवून दाबा. भार येणाऱ्या जागी गाठीवर भिस्त ठेवू नका. पूर्ण पिशवीत साधारण साडेसात मीटर शिवण होते, म्हणजे 1900 च्या आसपास टाके आणि 30 मीटर दोरा. मिनिटाला चार-पाच टाके पडले तर साडेसहा ते आठ तास लागतील. दोन-तीन बैठकांत विभागा; बोटं दुखायला लागली की टाके सैल पडतात.

बाजूंच्या शिवणी तुलनेनं सोप्या. सुलट बाजू आतमध्ये येईल असं कापड तळावर दुमडा, कडेपासून 2 सेंमीवर मशीननं किंवा हातटीपेनं शिवा. शिवणीबाहेरच्या दोन पदरांपैकी एकाचं जादा कापड 8 मिमी ठेवून कापा, दुसऱ्या पदराचं त्याच्यावरून दुमडून सपाट बसवा आणि दुमडीच्या कडेनं दोन सुयांची टीप घाला. कापलेली कड आतच राहते, धागे निघत नाहीत. वरच्या 9 सेंमीत मात्र असं दुमडू नका. तिथे शिवण उघडून दोन्हीकडे सपाट करा, नाहीतर काठ वळवल्यावर इतके पदर जमतात की आरीही जात नाही. जाड जागा लाकडावर ठेवून हातोडीनं हळूहळू ठोका, निम्मी दबते.

कोपऱ्यासाठी बाजूची शिवण तळाच्या मधोमध आणून त्रिकोण करा, टोकापासून 6 सेंमीवर आडवी रेघ मारा. ती बरोबर 12 सेंमी भरली पाहिजे. तिच्यावर दोन ओळी शिवा. त्रिकोण कापू नका, तळावर आडवा पाडून टोकाला दोन टाके घाला.

तोंडाचा काठ आधी 1, मग 4 सेंमी आत वळवून खालच्या दुमडीवर शिवा. मग पट्टा काठावर बसवून जिथे तो मोकळा सोडला होता तिथे चौकोन आणि त्यात फुली, अशी चारही जागी. फुलीमुळे ओढ आडव्या ओळीवर न राहता तिरकी वाटली जाते. कानाच्या मध्यावर 12 सेंमी पट्टा लांबीत दुमडून शिवलात तर भरलेली पिशवी बोटांना काचत नाही.

पहिल्यांदा पाच-सहा किलो भरून उचला आणि चौकोनांच्या वरच्या कोपऱ्यांकडे बघा. टाक्याशेजारची भोकं लांबट झाली असतील तर तिथे ओढ वाकडी येतेय, बहुतेक एक कान दुसऱ्यापेक्षा आखूड आहे. त्या कानाच्या जोडाकडच्या टोकाचा चौकोन आणि तिथून तळावरच्या जोडापर्यंतची टीप उसवून पट्टा सारखा करता येतो, कापडातली भोकंही तीच वापरायची.