गोड्या पाण्यात बुडणं आणि समुद्रात बुडणं: शरीरात काय फरक पडतो?

उजनी धरणात बुडणारा आणि समुद्रात बुडणारा, दोघांच्या शरीरात परासरणाने (म्हणजे कमी खारट बाजूचं पाणी जास्त खारट बाजूकडे ओढलं जाण्याने) वेगवेगळं घडतं का, असं विचारलंय. घडतं, पण पुस्तकात वाचून वाटतं तितकं नाही.

रक्ताचा खारटपणा साधारण 0.9 टक्के मिठाच्या पाण्याइतका. उजनीचं किंवा हिप्परगा तलावाचं पाणी त्याहून फारच अळणी, म्हणून फुप्फुसातल्या वायुकोशांत (हवेच्या बारीक पिशव्यांत) शिरलेलं पाणी भराभर रक्तात ओढलं जातं. वायुकोश उघडे ठेवणाऱ्या स्निग्ध थराचीही ते वाट लावतं, मग वायुकोश मिटतात. समुद्राचं पाणी सुमारे 3.5 टक्के खारट. तिथे उलटं: रक्तातलं पाणी वायुकोशांत उतरतं. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं, तसंच.

गोड्या पाण्याने तांबड्या पेशी फुटतात, पोटॅशियम वाढून हृदय बंद पडतं, हे जुन्या पुस्तकांतलं कारण. प्राण्यांवरच्या प्रयोगांत तसं दिसलं होतं. पण क्षारांचं गणित एवढं बिघडायला वजनाच्या दर किलोमागे 22 मिलीच्या आसपास पाणी फुप्फुसात जावं लागतं, म्हणजे 60 किलोच्या माणसाला सव्वा लिटरहून जास्त! प्रत्यक्षात बहुतेकांच्या फुप्फुसात किलोमागे 4 मिलीसुद्धा जात नाही. जीव जातो तो प्राणवायूअभावी, पाणी शेतातल्या विहिरीचं असो की अरबी समुद्राचं.

म्हणूनच बाहेर काढलेल्याला पालथं घालून पोट दाबत बसू नका. श्वास थांबला असेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीवर दाब, आणि दुसऱ्या कुणाला तरी 108 लावायला सांगा.