नव्या बॉनव्हिलमध्ये जुनी किती?

प्रश्न : वडिलांची जुनी ब्रिटिश मोटारसायकल आम्ही जपून ठेवली आहे. ट्रायम्फची बॉनव्हिल, बीएसएची गोल्ड स्टार ही नावे घेऊन आलेल्या नव्या गाड्या मूळ रूपाचा मान राखतात का?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : बॉनव्हिल निश्चितच राखते. १९५९ची मूळ गाडी ६४९ सीसीची आणि हवेने थंड होणारी होती. २०१६ची नवी बॉनव्हिल टी१२० मात्र १२०० सीसीची असून तिच्या इंजिनाभोवती पाणी खेळते, तरीही हवेने थंड होण्यासाठी असणाऱ्या सिलिंडरवरच्या पट्ट्या कायम आहेत आणि इंधन फवारणाऱ्या भागांना जुन्या कार्ब्युरेटरचा आकार दिला आहे. हे केवळ सोंग आहे, असे काही जाणकार म्हणतात. मला त्यात आदर दिसतो, कारण त्या गाडीचे निम्मे सौंदर्य उघड्या इंजिनातच होते. रेडिएटर मात्र खटकतोच.

२०२४मध्ये भारतात आलेल्या गोल्ड स्टारने एकच सिलिंडर ठेवला, टाकीची ठेवणही ओळखीची आहे. पण किक नाही, आणि मूळ गाडीचा तो सडपातळ बांधाही नाही. गंगापूर रोडवर एखादी दिसली, तर ती बाजूने पाहा. फरक तिथेच कळतो.