बाँड शाळेचा, करार युनियनचा : विरोध नेमका कशाला?

प्रश्न : स. न. वि. वि. मी सॅन डिएगो परिसरात राहते. माझे यजमान विद्युतकाम करणाऱ्या एका छोट्या कंपनीत निविदांची अंदाजपत्रके तयार करतात. ही कंपनी युनियनशी करारबद्ध नाही. आमच्या भागातील शाळा-मंडळ बाँडच्या (सार्वजनिक कर्जरोख्यांच्या) पैशांतून होणाऱ्या मोठ्या बांधकामांसाठी ‘प्रोजेक्ट लेबर अ‍ॅग्रीमेंट’, म्हणजे पीएलए, हा बांधकाम-युनियनांशी आगाऊ करायचा करार करण्याच्या विचारात आहे. कंपनीचे मालक म्हणतात, युनियनबाहेरच्या कंत्राटदारांना आता दार बंद होणार. आमचे शेजारी म्हणतात, मालकांना मजुरी कमी द्यायची आहे म्हणून ते ओरडत आहेत. यांतले खरे काय मानावे?
– एक वाचक

उत्तर : दोघांचीही विधाने जशीच्या तशी टिकणारी नाहीत. कॅलिफोर्नियाने २०११ साली केलेल्या कायद्यानुसार एखाद्या सार्वजनिक संस्थेने असा करार केला, तरी प्रत्येक पात्र कंत्राटदाराला, मग तो युनियनशी बांधलेला असो वा नसो, निविदा भरण्याची मुभा द्यावी लागते. कागदावर तरी दार उघडेच आहे. शेजाऱ्यांचे म्हणणेही लंगडे आहे, कारण सार्वजनिक कामावरील ‘प्रचलित वेतन’ कायद्यानेच ठरलेले असते आणि ते तुमच्या यजमानांच्या कंपनीलाही आजसुद्धा द्यावेच लागते. तासाची मजुरी हा या भांडणाचा मुख्य विषय नाही. साइटवर माणसे कोणी पाठवायची आणि मजुरीवरच्या लाभांचे पैसे कोणाच्या निधीत जमा व्हायचे, यावरून खरे भांडण आहे.

पीएलए हा निविदा उघडण्यापूर्वीच, बांधकाम-युनियनांच्या स्थानिक महासंघाशी केलेला करार असतो आणि ज्याला काम मिळेल त्याला त्यावर सही करावी लागते. त्यानुसार कामगार मुख्यतः युनियनच्या ‘हायरिंग हॉल’मधून, म्हणजे कामावर माणसे पाठवणाऱ्या तिच्या केंद्रातून, घ्यावे लागतात. कंत्राटदाराला स्वतःची ठरावीक माणसेच आणता येतात, आणि तीही बहुतेक करारांत आळीपाळीने, म्हणजे एक आपला, एक हॉलचा. वर्षानुवर्षे जमलेली टोळी घेऊन काम करणाऱ्या छोट्या कंपनीला इथेच धक्का बसतो. आपल्याकडच्या माथाडी मंडळाची आठवण अनेकांना येईल, पण ते मंडळ १९६९च्या कायद्याने उभे राहिले आहे आणि त्यावर सरकार, मालक व कामगार अशा तिघांचे प्रतिनिधी असतात. हायरिंग हॉल मात्र युनियन चालवते.

लाभांच्या पैशांचा मुद्दा अधिक टोकदार आहे आणि माझ्या मते विरोधकांचे सर्वांत बळकट म्हणणे हेच आहे. आरोग्यविमा व निवृत्तिवेतन यांसाठीची तासागणिक रक्कम युनियनच्या न्यासात भरावी लागते. परंतु या निवृत्तिवेतनावर हक्क लागू होण्यासाठी सर्वसाधारणपणे पाच वर्षांची सेवा लागते, त्यामुळे एका शाळेचे काम संपवून परत जाणाऱ्या बिगर-युनियन कामगाराच्या नावे भरलेले पैसे त्याच्या हाती कधीच येत नाहीत. दरम्यान त्याचा जुना विमा बंद पडू नये म्हणून मालक तिकडेही हप्ता भरतो, आणि हा दुहेरी खर्च निविदेच्या आकड्यात शिरतो.

समर्थक सांगतात की करारामुळे संप व टाळेबंदी होत नाही, सर्व ट्रेड्सचे (सुतारकाम, वीजकाम अशा कामाच्या शाखांचे) कामाचे तास व सुट्ट्या एकसारख्या राहतात आणि स्थानिक तरुणांना अ‍ॅप्रेंटिस म्हणून प्रवेश मिळतो. धरणासारख्या अवाढव्य कामावर, जिथे वीस ट्रेड एकाच वेळी राबतात, या शिस्तीला मोल आहे. दोन वर्गखोल्यांच्या डागडुजीवर ती कशासाठी, हे मला कळलेले नाही. संप न करण्याचे आश्वासन त्याच युनियनांकडून विकत घ्यायचे, हा विरोधकांचा टोमणाही अगदीच वावगा नाही.

खर्च किती वाढतो याबद्दल ठाम आकडा सांगणाऱ्याकडे जरा संशयानेच पाहावे. मॅसॅच्युसेट्समधील शाळांचा अभ्यास करून बीकन हिल इन्स्टिट्यूटने खर्च वाढल्याचा निष्कर्ष काढला. त्याच राज्यातील शाळांवर डेल बेलमन व सहकाऱ्यांनी इमारतींचे स्वरूप लक्षात घेऊन हिशेब मांडला, तेव्हा तो फरक ठळक उरला नाही. रँड संस्थेच्या २०२१च्या अभ्यासात लॉस एंजेलिसच्या प्रपोझिशन एचएचएच या मतदारांनी मंजूर केलेल्या गृहनिधी-प्रस्तावाखालील परवडणाऱ्या घरांचा खर्च करारामुळे सुमारे १४.५ टक्के वाढल्याचा अंदाज आहे. मला त्यातले दुसरे निरीक्षण जास्त बोलके वाटते: करार ६५ किंवा त्याहून अधिक घरांच्या प्रकल्पांना लागू होता, आणि अनेक विकासकांनी आपले प्रकल्प त्या मर्यादेच्या किंचित खालीच ठेवले.

तुमच्या शहरात हा वाद जुना आहे. सॅन डिएगो युनिफाइड शाळा-जिल्ह्याने २००९ साली असा करार स्वीकारला. जून २०१२मध्ये मतदारांनी प्रपोझिशन ए मंजूर करून शहर प्रशासनाला असे करार सक्तीचे करण्यास मनाई केली. त्याच वर्षी राज्याने अशी बंदी घालणाऱ्या सनदी (स्वतःच्या सनदेनुसार कारभार करणाऱ्या) शहरांच्या बांधकाम-निधीवर गदा आणणारा कायदा केला. अखेर नोव्हेंबर २०२२मध्ये मतदारांनीच मेझर डी संमत करून ती बंदी उठवली.

प्रश्न : असा करार न्यायालयात रद्द करून घेता येतो का?
– दुसरे एक वाचक

उत्तर : करार आहे, एवढ्याच कारणावरून बहुधा नाही. बोस्टन बंदराच्या स्वच्छता-प्रकल्पासंबंधीच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली एकमताने असे ठरवले की सरकारी संस्था बांधकाम करवून घेणारी ग्राहक म्हणून वागत असेल, तर संघीय कामगार कायदा तिला आड येत नाही. म्हणून विरोध करणाऱ्यांनी वकिलापेक्षा आधी मंडळाच्या सभेची विषयपत्रिका पाहावी, कराराचा मसुदा मागवावा आणि तीन कलमे तपासावीत: किती रकमेपुढच्या कामांना तो लागू आहे, कंत्राटदाराला स्वतःचे किती कामगार आणता येतात, आणि कामगाराचा आधीपासूनचा विमा व निवृत्ती-योजना ग्राह्य धरली जाते का. मतदानापूर्वी ही कलमे बदलून घेता येतात. सह्या झाल्यावर ते फार कठीण होते.