सात सीटर सीएनजी की ईको?

प्रश्न : दादा नमस्कार, आम्ही भांडुपला राहतो. आमची डिझेल हॅचबॅक डिसेंबरात 15 वर्षांची होतेय, तळ गंजलाय, पावसात मागच्या सीटखाली पाणी येतं. मिस्टर रोज जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने अंधेरीच्या सीप्झला जातात, जाऊन येऊन पंचवीसेक किलोमीटर. घरात आम्ही चौघं आणि सासूबाई. मे महिन्यात राजापूरहून तांदळाची पोती आणि आंब्याच्या पेट्या आणतो, शिवाय महिन्यातून दोन-तीनदा माझ्या केटरिंगच्या ऑर्डरचे टोप, शेगडी न्यायची असते. मिस्टर म्हणतात सात सीटर सीएनजी घेऊ, दीर म्हणतात मारुतीची ईको व्हॅन घ्या. काय करू?

उत्तर : ताई, आधी जुन्या गाडीचं सांगतो, 15 वर्षं झाली म्हणून ती लगेच भंगारात काढायलाच हवी असं आपल्याकडे नाही, फिटनेस पास झाली आणि पर्यावरण कर भरला की आणखी 5 वर्षं मिळतात, दहा वर्षांच्या डिझेलचा जो नियम ऐकू येतो तो दिल्लीकडचा. पण तळच गंजलाय तर त्यावर पैसे घालू नका, सोडा ती.

आता तुमची खरी अडचण टोपांची आहे. प्रायव्हेट कारची विम्याची पॉलिसी काढून बघा, त्यात गाडी कशासाठी वापरायची नाही ते लिहिलेलं असतं आणि तिथे भाड्याने देणं आणि मालवाहतूक दोन्ही वगळलेलं असतं, स्वतःचं सामानसुमान आणि सॅम्पल तेवढे चालतात. गावचा तांदूळ घरचाच आहे हो, पण पैसे घेऊन केलेल्या ऑर्डरचं सामान भरलंय आणि मुलुंडला कुणी मागून ठोकलं तर क्लेम अडकू शकतो. म्हणून ऑर्डरला नाक्यावरचा छोटा टेम्पो सांगा आणि त्याचं भाडं ऑर्डरच्या रेटमध्येच धरा, गिऱ्हाईक देतं, मी बघितलंय. महिन्यातल्या दोन-तीन फेऱ्यांसाठी रोजची गाडी निवडणं मला पटत नाही.

मग राहिलं गाव. ईको वाईट नाही, सरकते दरवाजे, सपाट तळ, मागच्या चाकांना जोर, त्यामुळे भरलेली गाडी चढाला बरी चढते, पण इंजिन पुढच्या सीटखाली, त्याची धग आणि आवाज आत येतो, आणि सासूबाईंना घेऊन साडेतीनशे किलोमीटरच्या वर जायचं म्हटलं की मी थांबतो. सात सीटरमध्ये मागची रांग पाडली की पाच माणसं आरामात बसतात आणि सामानही मावतं. फक्त सीएनजी घेतली तर सिलिंडर डिकीतच बसतो, म्हणजे ज्या जागेसाठी मोठी गाडी घेतली तीच गेली. टाटाच्या छोट्या गाड्यांत 2023 पासून दोन लहान सिलिंडर डिकीच्या तळाशी बसवतात, जागा बऱ्यापैकी वाचते, पण पाच माणसं आणि पोती त्यात नाही मावायची. आणि रोजच्या पंचवीस किलोमीटरला सीएनजीने वाचून वाचून महिन्याला दोनेक हजार वाचतील, वर पंपावरची लाइन, दर 3 वर्षांनी सिलिंडरची टेस्ट. मी तुमच्या जागी असतो तर पेट्रोलची सात सीटर घेतली असती.

वजन मात्र मोजा. पाच माणसं म्हणजे सव्वातीनशे किलो, 50 किलोची चार पोती म्हणजे 200, सव्वापाचशे इथेच झाले आणि पेट्या अजून धरल्याच नाहीत. गाडीच्या पुस्तकात भरलेल्या गाडीचं कमाल वजन असतं, त्यातून रिकाम्या गाडीचं वजा करा, उरेल तेवढंच भरा, नाहीतर गाडी मागून बसते आणि घाटात ब्रेक लांबतो. पोती खाली, सीटच्या पाठीला टेकवून, दोरीने बांधून ठेवा, पेट्या वर. टायरमधली हवा लोड असलेल्या गाडीसाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे ठेवा, तो ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या स्टिकरवर असतो.

शोरूमला जाताना आंब्याची रिकामी पेटी आणि एक भरलेलं पोतं घेऊन जा, लाजू नका. एका गाडीची डिकी कागदावर भली मोठी होती, प्रत्यक्षात तिची कड माझ्या कमरेच्याही वर, पोतं उचलून आत ढकलताना दोन माणसं लागली आणि पेटीवर पेटी ठेवल्यावर झाकण बसेना. सासूबाईंनाही न्या, दोनदा चढून-उतरून बघू देत.

आणि जुनी गाडी ओळखीच्या भंगारवाल्याला देऊ नका, अधिकृत स्क्रॅप सेंटरला द्या, तिथे सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी भंगारात दिल्याचा दाखला, मिळतं, नव्या गाडीचा टॅक्स भरताना ते दाखवून सवलत मागता येते.