एवढी मोठी गाठ होईपर्यंत कळलं कसं नाही?

ताई, तुमच्या 58 वर्षांच्या मावशींच्या सोनोग्राफीत अंडाशयाची 25 सेंटिमीटरची गाठ निघाली, आणि घरातले सगळे त्यांनाच धारेवर धरतायत की इतके दिवस गप्प का बसलात, असं तुम्ही लिहिलंय. स्त्रीरोग वॉर्डात परिचारिका म्हणूनच माझी सगळी नोकरी झाली, तेव्हा आधी एवढं सांगते की मावशींना बोल लावणं पहिलं थांबवा. ही गाठ अशा जागी असते आणि अशी वाढते, की भल्याभल्यांना पत्ता लागत नाही.

अंडाशयं ओटीपोटात खोल, कमरेच्या हाडांच्या आत असतात. पाळी चालू असेपर्यंत एकेक जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचं, नंतर त्याहूनही लहान. गाठ लहान असते तेव्हा हाडांच्या आड राहते, पोट दाबून पाहिलं तरी हाताला लागत नाही. वाढली की वर सरकते, आणि वर मोकळं रान. आतडी बाजूला होतात, पोटाचे स्नायू हळूहळू सैलावतात. अख्खं बाळ मावतं तिथे गाठ का मावणार नाही?

त्यात हिशोबही फसवा. गाठीची रुंदी दुप्पट झाली की आतला ऐवज आठपट होतो. 10 सेंटिमीटरच्या गोल गाठीत साधारण अर्धा लिटर मावतं, 20 च्या गाठीत चार लिटर, मावशींच्या 25 मध्ये आठ. म्हणजे बराच काळ पोट दिसण्याजोगं काही घडतच नाही, आणि मग थोडक्या काळात दिसू लागतं.

दुखत कसं नाही, हे सगळेच विचारतात. अंडाशयाच्या नसा बोटाच्या नसांसारख्या नसतात. एकदम ताण बसला, आत रक्तस्राव झाला, गाठ फुटली किंवा देठाशी पिळली गेली तर जीव घाबराघुबरा होईल इतकं दुखतं. सावकाश ताणलं जाणारं आवरण मात्र कुरकुर करत नाही. शिवाय दुसरं अंडाशय काम करत असतं, त्यामुळे तरुण बायकांची पाळीही बहुतेक वेळा बिघडत नाही. मावशींची पाळी गेलेली असणार, तेव्हा तो इशारा मिळण्याचाही प्रश्न नाही.

सर्वांत अवाढव्य होतात त्या बहुधा म्युसिनस सिस्टअ‍ॅडिनोमा प्रकारच्या. आत बुळबुळीत, चिकट द्रवाचे कप्पेच कप्पे. यातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. आजूबाजूच्या अवयवांत घुसत नाहीत, म्हणूनच इतक्या वाढू शकतात. जुन्या काळी तर डॉक्टरही चकायचे. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या जेन टॉड क्रॉफर्ड यांचं पोट पाहून बाळंतपणाचे दिवस उलटून गेलेत असंच तपासणाऱ्यांना वाटलं होतं. डॉक्टर एफ्राइम मॅकडॉवेल यांनी ती गाठ असल्याचं ओळखलं आणि डिसेंबर 1809 मध्ये डॅनव्हिलला आपल्या घरी ऑपरेशन करून काढली. साडेबावीस पौंड, म्हणजे दहा किलोंच्या वर, आणि तेही भूल नसताना. बाई त्यानंतर तीस वर्षांहून जास्त जगल्या.

पण काहीच जाणवत नाही असंही नाही हं. जाणवतं, फक्त प्रत्येक गोष्टीला घरात एक कारण तयार असतं. दोन घास खाल्ले की पोट भरतं, तर ते पित्त. लघवीला सारखं जावं लागतं, तर वय झालं. पोट साफ होत नाही, तर पाणी कमी पितेस. आडवं झाल्यावर दम लागतो, पाय सुजतात, तर वजन वाढलंय. आमच्या वॉर्डात आलेल्या एका बाईंनी परकराची नाडी पुरेना म्हणून तिला दुसरा तुकडा गाठ मारून जोडला होता. पोटावरची कातडी चकचकीत ताणलेली, बेंबी बाहेर आलेली, आणि दंड मात्र काडीसारखे. काट्यावर वजन फारसं हललं नव्हतं, कारण गाठ वाढत होती तशा बाई वाळत होत्या. पोट वाढतंय आणि गालफडं बसतायत, हे एकत्र दिसलं तर ते ‘सुटलेलं पोट’ नव्हे. त्याच आठवड्यात सोनोग्राफी करा.

गावात अशा पोटाला ‘पोटात पाणी झालंय’ म्हणून औषधं चालू होतात, तेही मी पाहिलंय. डॉक्टर बोटांनी पोटावर ठोकतात ते यासाठीच. उताणं झोपवल्यावर पाणी कुशींत उतरतं, तिथे बद्द आवाज येतो. मोठ्या गाठीत मध्यभागी बद्द आणि कुशींत पोकळ आवाज येतो, कारण आतडी कडेला ढकललेली असतात. फार मोठी गाठ सोनोग्राफीतही कधी पाण्यासारखीच दिसते. शंका असेल तर सीटी किंवा एमआरआय करतात.

आणखी एक बोलायलाच हवं. अविवाहित मुलीचं पोट वाढलं की आई तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्यायला कचरते, शेजारीपाजारी काय म्हणतील म्हणून. दवाखान्याची पायरी चढेपर्यंत मुलीचे महिने जातात. आतून तपासणी होईल ही भीतीही असते. तर सांगते, भरलेल्या लघवीच्या पिशवीवर पोटावरून सोनोग्राफी होते, आतून काही करावं लागत नाही. लवकर आलात तर बऱ्याचदा नुसती गाठ काढून अंडाशय वाचवता येतं. पीळ बसल्यावर आलात तर ते काळंनिळं पडलेलं असू शकतं.

आता मावशींचं. गाठ मोठी म्हणजे कॅन्सरच, असं नाही. पण पाळी गेल्यानंतरची गाठ गांभीर्यानेच घ्यायची. सीए-125 ही रक्ततपासणी होईल, अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये बहुधा वाढणाऱ्या एका प्रथिनाची. तो आकडा वाढलेला आला तरी हातपाय गाळू नका. पोटाच्या क्षयरोगात, एंडोमेट्रिओसिसमध्येही (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो तो आजार) तो वाढतो. डॉक्टर तो आकडा, सोनोग्राफीतलं चित्र आणि पाळी गेलेली असणं, हे सगळं मिळून अंदाज बांधतात. शक्य असेल तर स्त्रियांच्या कॅन्सरची ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनचं मत घ्या. आधी सुईने पाणी काढून गाठ लहान करू असं कुणी म्हणालं, तर त्या सर्जनला विचारल्याशिवाय हो म्हणू नका. आतला द्रव पोटात सांडला आणि गाठ कॅन्सरची निघाली, तर रोग पसरण्याचा धोका असतो. ऑपरेशन चालू असतानाच गाठीचा तुकडा तपासायची सोय, म्हणजे फ्रोझन सेक्शन, तिथे आहे का ते विचारा. भूलतज्ज्ञांना आधी भेटा आणि उताणं झोपल्यावर दम लागतो हे त्यांना आवर्जून सांगा, कारण एवढं ओझं मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडून रक्तदाब खाली येतो. टेबलावर त्यांना थोडं कुशीवर कलतं ठेवावं लागेल.

तारीख मिळेपर्यंत एकाएकी जोराची कळ आली, उलट्या झाल्या किंवा चक्कर आली, तर तारखेची वाट पाहू नका, थेट हॉस्पिटल गाठा. रात्र असली तरी. रिपोर्ट आले की इथे लिहा, मी बघते.